पाड्यावरची वीज : आधी हिशेब, मग यंत्र

(सेवाकार्यांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा संपादित पाठ)



सह्याद्रीच्या किंवा सातपुड्याच्या कुशीतील एखाद्या पाड्यावर जाणाऱ्या कार्यकर्त्याला एक दृश्य परिचयाचे असते. समाजमंदिराच्या छपरावर सौर पॅनेल बसवलेले असतात. भिंतीवर देणगीदाराच्या नावाचा संगमरवरी फलक असतो. आत कोपऱ्यात काळ्या पेट्यांची रांग असते, तिच्यावर धुळीचा थर असतो आणि थरावर कोणीतरी शेंगांची टोपली ठेवलेली असते. उद्घाटनाला पाहुणे आले होते, आरती झाली होती, छायाचित्रे छापून आली होती. तीन-चार वर्षे दिवे लागले. मग बॅटऱ्या बसल्या. नव्या बॅटऱ्यांना पैसे कोणी द्यायचे, हा प्रश्न पाड्याने देणगीदाराकडे पाहत आणि देणगीदाराने पाड्याकडे पाहत अनुत्तरित ठेवला. पुन्हा रॉकेलची चिमणी पेटली.

असे का होते? यंत्र वाईट होते, असे क्वचितच आढळते. देणाऱ्याची भावना खोटी होती, असे तर मुळीच नाही. चूक होते ती हिशेबात, आणि तोही बेरीज-वजाबाकी-गुणाकारापलीकडे न जाणारा हिशेब असतो. सूर्य, वारा, पाणी, जैवभार, बॅटरी आणि प्रसंगी डिझेल यांची मोट बांधून एखाद्या वस्तीपुरते जे छोटे वीजजाळे उभारले जाते, त्याला तंत्रज्ञ संमिश्र मायक्रोग्रिड म्हणतात. त्यात कोणता घटक किती घ्यायचा आणि सारे मिळून कमीत कमी खर्चात कसे बसवायचे, हा गेली तीस वर्षे जगभर अभ्यासला गेलेला विषय आहे. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातील गोल्डन येथे असलेल्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेत १९९०च्या दशकात यासाठी 'होमर' नावाची संगणकप्रणाली तयार झाली. ती वर्षातले ८,७६० तास एकेक करून तपासते. या तासाला ऊन किती, वारा किती, मागणी किती, बॅटरीत शिल्लक किती, हे पाहते. शेकडो जुळण्या करून त्यांना आयुष्यभराच्या खर्चाप्रमाणे क्रम लावते. प्रणाली उत्तम आहे. परंतु तिच्यात जे भरावे लागते ते पाड्यावरच मिळते, आणि ते कोलोरॅडोत बसून कळत नाही.

'आता तर गावोगाव वीज पोचली, मग या विषयाचे प्रयोजन काय?' अशी शंका येणे स्वाभाविक आहे. २८ एप्रिल २०१८ रोजी मणिपूरमधील लेइसांग या गावापर्यंत वीज पोचली आणि देशातील प्रत्येक गाव जोडले गेल्याचे जाहीर झाले. त्याआधी २०१७ च्या सप्टेंबरमध्ये सुरू झालेल्या सौभाग्य योजनेने कोट्यवधी घरांत जोडणी दिली. स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षे रेंगाळलेले काम मार्गी लागले, याचे समाधान कोणालाही वाटावे. तरीही गाव आणि पाडा यांत अंतर असते. मूळ गावात खांब आला म्हणजे डोंगरापलीकडच्या बारा घरांत दिवा लागला, असे होत नाही. जंगलातून दहा किलोमीटर तार ओढायची आणि दर पावसाळ्यात पडलेली झाडे हटवून ती जिवंत ठेवायची, याचा खर्च बारा घरांच्या बिलातून कधीच निघत नाही. म्हणूनच १५ नोव्हेंबर २०२३ रोजी, भगवान बिरसा मुंडा यांच्या जयंतीदिनी, झारखंडमधील खुंटी येथून सुरू झालेल्या पीएम-जनमन अभियानात, जिथे तार नेणे परवडत नाही अशा अतिमागास जनजातीय वस्त्यांसाठी स्वतंत्र सौरव्यवस्थेची तरतूद करण्यात आली. महाराष्ट्रातील कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड हे समाज या वर्गात येतात. म्हणजे पैसा येणार आहे, यंत्रेही येणार आहेत. ती किती वर्षे चालतील, हा खरा प्रश्न आहे.

आता एका पाड्याचा हिशेब मांडून पाहू. पाडा काल्पनिक आहे आणि भाव ढोबळ धरले आहेत. पद्धत मात्र कुठेही लागू पडावी.

चाळीस घरे आहेत. प्रत्येक घरात ९ वॅटचे तीन एलईडी दिवे रोज ५ तास, एक पंखा ८ तास, ४० वॅटचा दूरदर्शन संच ४ तास आणि मोबाइल. पंखा नेहमीचा ७५ वॅटचा असेल, तर घराची रोजची गरज ९१० वॅट-तास, म्हणजे एका युनिटहून थोडी कमी. हाच पंखा बीएलडीसी प्रकारचा ३० वॅटचा घेतला, तर गरज ५५० वॅट-तासांवर येते. चाळीस घरांत मिळून रोज १४ युनिटांहून अधिक फरक! या १४ युनिटांसाठी सुमारे साडेचार किलोवॅट जादा पॅनेल लागले असते आणि पंखे बहुतांशी रात्री फिरत असल्याने सुमारे १८ युनिट जादा बॅटरीही लागली असती. पॅनेल किलोवॅटला ५० हजार रुपये आणि बॅटरी युनिटला १५ हजार रुपये धरली, तर हा खर्च पाच लाखांच्या घरात जातो. चाळीस पंख्यांसाठी नेहमीपेक्षा दीड-दीड हजार रुपये अधिक मोजले, तर ६० हजार होतात. पाच लाखांचे काम साठ हजारांत! छपरावर किती पॅनेल बसवावेत याचा निर्णय असा घरातल्या पंख्याशी बांधलेला असतो. देणगीदाराच्या डोळ्यांपुढे मात्र छपरावरचे पॅनेल असतात. पंख्यावर फलक लावता येत नाही.

या घरांच्या २२ युनिटांत रस्त्यावरचे दिवे, शाळा व अंगणवाडी यांची ३ युनिटे मिळवावीत. पाड्यावर पिठाची गिरणी हवी, कारण दळणासाठी डोक्यावर पायली घेऊन घाट उतरणाऱ्या भगिनींचे श्रम कोणत्याही दिव्यापेक्षा मोठे आहेत. ५ अश्वशक्तीची गिरणी ३ तास चालली, तर ११ युनिटे लागतात. एकूण ३६ युनिटे झाली. यांतली साधारण २० रात्रीची, बाकीची दिवसाची.

येथपर्यंत सोपे आहे. खरी परीक्षा आषाढ-श्रावणात होते. वर्षाची सरासरी धरली तर एक किलोवॅट पॅनेल रोज ४ युनिटांच्या आसपास देतो. घाटमाथ्यावरच्या भर पावसात ही आवक निम्मी, म्हणजे २ युनिटांवर आली असे धरावे. वाटेतली गळती पाचव्या हिश्शाची धरावी. 'सूर्यावरच सारे चालले पाहिजे आणि तीन दिवस सूर्य दिसला नाही तरी अंधार होता कामा नये,' असा हट्ट धरला, तर सुमारे साडेबावीस किलोवॅट पॅनेल आणि तीन रात्रींसाठी ७५ युनिटांची बॅटरी लागते. आपल्या भावाने दोन्हींचे मिळून साडेबावीस लाख झाले. गंमत अशी की उरलेले नऊ-दहा महिने यांतले निम्मे पॅनेल आणि दोन-तृतीयांश बॅटरी रिकामी बसून राहते. वर्षभर रोज तीस पाहुणे येतील अशा समजुतीने बांधलेल्या घरासारखा हा प्रकार आहे.

आता हट्ट सोडून पाहू. पॅनेल १२ किलोवॅट, बॅटरी एका रात्रीपुरती २५ युनिटांची आणि अडचणीच्या दिवसांसाठी लहानसे डिझेल जनित्र. भांडवली खर्च ६ लाख, पावणेचार लाख आणि सव्वा लाख असा ११ लाख झाला. पावसाळ्यात रोज १७ युनिटे कमी पडतील. असे ७५ दिवस धरले, तर वर्षाला सुमारे १,२७५ युनिटे जनित्रातून काढावी लागतील. लिटरला अडीच युनिट आणि ९० रुपये भाव धरता डिझेलचे वार्षिक ४६ हजार रुपये झाले, दहा वर्षांचे ४ लाख ६० हजार. एकूण साडेपंधरा लाखांच्या जवळ. म्हणजे पहिल्या जुळणीपेक्षा सात लाखांनी स्वस्त. डिझेल महाग असते, धूर ओकते, परदेशातून आणलेल्या तेलापासून बनते, हे सारे खरे. पण वर्षातले थोडेच दिवस चालवले, तर ते शेकडो किलो बॅटरीची जागा वाचवते. स्वदेशीचा आग्रह धरणाऱ्याला हे रुचणार नाही, आणि त्याने अस्वस्थ व्हावे हेच योग्य. कारण त्या अस्वस्थतेतून तिसरी जुळणी सुचते.

सूर्य ज्या कारणाने लपतो ते कारणच ओढ्यातून खळाळत वाहत असते! पाड्याच्या वरच्या अंगाला ४० मीटर उंचीवर ओढा अडवून सेकंदाला ५ लिटर पाणी नळीतून खाली आणले, तर निम्मी शक्ती वाटेत आणि यंत्रात वाया गेली असे धरूनही सुमारे एक किलोवॅट वीज मिळते. एक किलोवॅट म्हटल्यावर शहरातला माणूस हसेल. त्याच्या घरातला एक गिझर याच्या दुप्पट वीज खातो. पण ओढ्याला रात्र नसते. तो चोवीस तास वाहतो आणि रोज २४ युनिटे देतो. तूट होती १७ युनिटांची. नळी, छोटे चक्र आणि बांध यांना दोन लाख धरले, तरी जुळणी पावणेबारा लाखांत बसते आणि डिझेलचा डबा डोक्यावरून आणावा लागत नाही. शिवाय रात्रीही वीज येत असल्यामुळे बॅटरीवरचा ताण हलका होऊन तिचे आयुष्य वाढते, तो लाभ वेगळाच.

'संमिश्र' या शब्दाचा अर्थ येथे उलगडतो. चार प्रकारची यंत्रे हौसेने एका जागी मांडणे म्हणजे संमिश्र व्यवस्था नव्हे. एकाच्या उणिवेच्या काळात दुसऱ्याची भरती असली पाहिजे. भारतात पवनऊर्जेचा मोठा हिस्सा जून ते सप्टेंबर या मोसमी वाऱ्यांच्या काळात मिळतो. साताऱ्याजवळच्या वनकुसवडे पठारावरच्या पवनचक्क्या ज्यांनी आषाढात पाहिल्या असतील त्यांना हे सांगावे लागू नये. पण पठारावरचे पाहून दरीतल्या पाड्यात चक्की बसवण्याची घाई करू नये. वाऱ्यातली शक्ती त्याच्या वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. वेग निम्मा झाला की शक्ती आठव्या हिश्शावर येते. झाडांच्या उंचीच्या चक्कीला दरीत जेमतेम झुळूक मिळते. हिमालयातल्या घराटांनी, म्हणजे ओढ्यावरच्या पाणचक्क्यांनी, पिढ्यानपिढ्या दळण दळले. नागालँडमध्ये गावच्या ओढ्यांवर चालणारी 'हायड्रोजर' नावाची छोटी जलविद्युत यंत्रे तयार झाली. जिथे जे आहे तेथून आरंभ, ही या देशाची जुनी रीत आहे. नानाजी देशमुखांनी १९७८ साली उत्तर प्रदेशातील गोंडा जिल्ह्यात काम आरंभले, तेव्हा शेतकऱ्याला लोखंडी नळीची विहीर परवडेना. तिथे बांबू मुबलक होता. बांबूची नळी करून कूपनलिका घेतल्या गेल्या आणि शेतात पाणी आले. पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी एप्रिल १९६५ मध्ये मुंबईत एकात्म मानवदर्शनाची जी चार व्याख्याने दिली, त्यांतही यंत्र देशाच्या परिस्थितीला साजेसे असावे, हा आग्रह होता. गोंड्याची बांबूची नळी हे त्या आग्रहाचे दृश्य रूप म्हणता येईल.

आता खात्रीची किंमत. वर्षाचे ३६५ दिवस पूर्ण वीज हवी, असे म्हणणे आणि ९५ टक्के काळ हवी, असे म्हणणे, यांत फक्त १८ दिवसांचा फरक असतो. पण खर्चाचा मोठा वाटा या शेवटच्या १८ दिवसांपायीच वाढतो. जत्रेचे उदाहरण घ्यावे. ग्रामदैवताच्या जत्रेला दोन दिवस रोषणाई, ध्वनिक्षेपक, पाळणे, उसाच्या रसाची यंत्रे असतात. म्हणून कोणी गावाचा वीजप्रकल्प जत्रेच्या मापाचा बांधत नाही. भाड्याचे जनित्र येते, वर्गणीतून पैसे दिले जातात, प्रश्न मिटतो. पावसाळ्यातल्या अंधाऱ्या आठवड्यालाही हाच न्याय लावता येतो. गिरणी त्या आठवड्यात बंद ठेवावी, आधीच्या उघडिपीत दळण करून ठेवावे. घरोघरच्या गृहिणी पावसाळ्यापूर्वी पापड, कुरडया, सांडगे करून ठेवतातच. त्यांना हे वेगळे शिकवण्याची गरज नाही. मात्र लसींचा शीतकपाट आणि बाळंतिणीच्या खोलीतला दिवा यांना वेगळी खात्रीची व्यवस्था हवी. तिथे काटकसर करू नये. कशाला खात्री द्यायची आणि काय थांबवायचे, हे पाड्याने आधी ठरवले, तर यंत्राचे माप आपोआप लहान होते.

हे कागदावरचे बोलणे नाही. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळ एग नावाचे बेट आहे. क्षेत्रफळ सुमारे ३१ चौरस किलोमीटर, वस्ती शंभराच्या आसपास. पिढ्यानपिढ्या ते एकामागून एका जमीनदाराच्या मालकीचे होते. १९९७ साली रहिवाशांच्या न्यासाने ते विकत घेतले. तोपर्यंत घरोघर डिझेल जनित्रे धडधडत. १ फेब्रुवारी २००८ रोजी बेटाचे स्वतःचे वीजजाळे सुरू झाले. तीन जलविद्युत यंत्रे आहेत. त्यांतले मोठे १०० किलोवॅटचे. प्रत्येकी ६ किलोवॅटच्या चार पवनचक्क्या आहेत. सौर पॅनेल आरंभी १० किलोवॅटचे होते, पुढे ५० किलोवॅटपर्यंत वाढवले. त्यांना बॅटऱ्यांची आणि संकटकाळासाठी डिझेल जनित्रांची जोड आहे. उभारणीला सुमारे १६ लाख ६० हजार पौंड खर्च आला. हिवाळ्यात तिथे पाऊस व वारा भरपूर, उन्हाळ्यात दिवस लांब. एकाच्या उणिवेत दुसऱ्याची भरती, हे सूत्र तिथेही आहेच.

पण एगची खरी खुबी यंत्रात नाही. प्रत्येक घराने एका वेळी ५ किलोवॅटपेक्षा अधिक वीज घ्यायची नाही आणि व्यवसायाने १० किलोवॅटपेक्षा अधिक घ्यायची नाही, असा निर्बंध रहिवाशांनी स्वतःवर घालून घेतला. किटली आणि कपडे धुण्याचे यंत्र एकत्र चालते, त्यात शेगडी घातली की वीज तुटते आणि शुल्क भरून ती जोडून घ्यावी लागते. श्रीमंत आणि गरीब, दोघांना मर्यादा एकच. वीज उतू जाते तेव्हा ती सार्वजनिक सभागृहाच्या उबेसाठी वापरली जाते. कमी पडते तेव्हा लोकांना तसे कळवले जाते आणि लोक हात आखडता घेतात. देखभाल बेटावरचेच प्रशिक्षित रहिवासी करतात. भोगवादी म्हणून ज्या पश्चिमेकडे बोट दाखवले जाते, तिथल्या शंभर माणसांनी अपरिग्रहाचा हा धडा प्रत्यक्षात गिरवला, हे मनमोकळेपणाने मान्य केले पाहिजे. आणि त्या संयमाला रोख किंमत आहे. प्रत्येक घराची कमाल मागणी ठाऊक असली आणि सारी घरे एकाच क्षणी कमाल मागणी करत नाहीत हे ठाऊक असले, की मधली यंत्रणा बेताची घेता येते. एकत्र कुटुंबात दहा जणांसाठी दहा चुली लागत नाहीत. तेच हे गणित.

याच्या उलट बाजूचे उदाहरण आपल्याच देशात आहे. बिहारमधील जहानाबाद जिल्ह्यात धरनई नावाचे गाव आहे. ट्रान्सफॉर्मर जळाल्यानंतर सुमारे तीन दशके तिथे वीज नव्हती. २० जुलै २०१४ रोजी ग्रीनपीस या संस्थेच्या पुढाकाराने तिथे १०० किलोवॅटचे सौर मायक्रोग्रिड सुरू झाले. ७० किलोवॅट घरे-दुकानांसाठी, ३० किलोवॅट शेतीपंपांसाठी. साडेचारशेच्या आसपास कुटुंबे होती. देश-विदेशांत गाजावाजा झाला. पुढच्याच महिन्यात माजी मुख्यमंत्री नितीशकुमार गावात आले, तेव्हा काही गावकऱ्यांनी त्यांच्याकडे 'असली बिजली' मागितली. सौर जाळ्यावर शीतकपाट, कूलर, इस्त्री चालत नव्हती, आणि युनिटचा दर सरकारी विजेपेक्षा कितीतरी चढा होता. लवकरच सरकारी तार पुन्हा आली. हळूहळू सौर यंत्रणा ओस पडली. काही वर्षांनी तिच्या आवारात गुरे बांधलेली पत्रकारांना आढळली.

ग्रीनपीसविषयी या व्यासपीठावर प्रेम असण्याचे कारण नाही. २०१५ साली केंद्र सरकारने तिची विदेशी देणग्यांची नोंदणी रद्द केली, तीही विनाकारण नव्हे, असेच येथील बहुतेकांचे मत आहे. म्हणून धरनईची फजिती ऐकून कोणाला बरे वाटत असेल, तर त्याने आरंभीचे दृश्य आठवावे. समाजमंदिरावरचे ते पॅनेल विदेशी पैशाचे नव्हते. चूक मात्र जातकुळीने तीच होती. धरनईत लोकांची आकांक्षा मोजली गेली नाही. दिव्यासाठी तहानलेला माणूस दिवा मिळाल्यावर तिथेच थांबत नाही. त्याला पंखा हवा, मग शीतकपाट हवे, आणि तसे वाटण्याचा त्याला शहरातल्या माणसाइतकाच अधिकार आहे. एगच्या लोकांनी मर्यादा स्वतः ठरवली म्हणून ती त्यांना जाचली नाही. धरनईत मर्यादा यंत्राबरोबर वरून आली. शिवाय एक दिवस सरकारी तार येऊ शकते, ही शक्यता हिशेबात धरली असती, तर तारेशी जुळेल आणि उरलेली वीज तिच्यात सोडता येईल अशी यंत्रणा उभारता आली असती. मग तार आल्यावरही पॅनेलला काम राहिले असते.

येथे खर्चाविषयीचा एक बारकावा सांगितला पाहिजे, कारण सेवाकार्यात तो सर्वाधिक नडतो. संगणकप्रणाली 'आयुष्यभराचा खर्च आजच्या रुपयात' काढते. म्हणजे आज घेतलेले पॅनेल, दहा वर्षांनी बदलायची बॅटरी, दरवर्षीचे तेल, माणसाचा पगार, सारे एका तराजूत येते. पण हा तराजू असे गृहीत धरतो की पैसे देणारा एकच आहे. सेवाकार्यात देणारे दोन असतात. आजचे ११ लाख शहरातला उदार गृहस्थ देतो. दहाव्या वर्षीचे पावणेचार लाख पाड्याने द्यायचे असतात. दात्याला सारे एकदाच देऊन मोकळे व्हायचे असते, त्यामुळे त्याचा कल मोठ्या यंत्राकडे जातो. आणि यंत्र जितके मोठे, तितकी पाड्यावर पडणारी बदलाची किंमत मोठी. साडेबावीस लाखांच्या पहिल्या जुळणीत दहाव्या वर्षी सव्वाअकरा लाखांची बॅटरी उभी राहते. चाळीस कातकरी किंवा ठाकर कुटुंबांनी ती कुठून आणायची?

२५ युनिटांच्या बॅटरीचा हिशेब मात्र आवाक्यातला आहे. पावणेचार लाख भागिले १२० महिने, भागिले चाळीस घरे : दर घरी महिन्याला सुमारे ७८ रुपये. हे ७८ रुपये पहिल्या महिन्यापासून, यंत्र नवे कोरे असताना, वेगळ्या खात्यात जमले पाहिजेत. यंत्र बंद पडल्यावर वर्गणी काढायला जाणाऱ्याला कोणी दाराशी उभे करत नाही. पुणे जिल्ह्यातील दरेवाडीत २०१२ साली ग्रामऊर्जा या पुण्याच्या संस्थेने बॉश कंपनीच्या अर्थसाहाय्याने ३९ घरांसाठी ९.४ किलोवॅटचे सौर वीजजाळे उभारले, तेव्हा गावकऱ्यांचा न्यास स्थापन करून त्याच्याकडे कारभार सोपवण्यात आला. घरोघर मीटर बसले. वापराप्रमाणे बिल आकारून जमलेला पैसा पुढच्या देखभालीसाठी राखायचा, अशी योजना होती. यंत्र देणगीतून आले, वीज मात्र फुकट दिली नाही. काही कार्यकर्त्यांना गरिबांकडून पैसे घेणे कठोरपणाचे वाटते. पण चिमणीच्या रॉकेलला आणि मोबाइल भरून आणण्याला पाडा पूर्वीही पैसे मोजतच होता; त्याला कोणी दान म्हटले नव्हते. फुकट वस्तूवर कोणाची मालकी नसते, आणि ज्यावर मालकी नाही त्याची राखण कोण करणार?

तेव्हा जनमनचा किंवा एखाद्या दात्याचा निधी पाड्याच्या दिशेने निघाला असेल, तर कार्यकर्त्याचे काम अर्ज भरण्याच्या बरेच आधी सुरू होते. त्याने वही घेऊन चाळीस घरे फिरावीत. कोणाकडे काय आहे, दोन वर्षांत काय घेण्याचा विचार आहे, दिवसातल्या कोणत्या वेळी काय चालेल, हे घरातल्या बाईला विचारावे; पुरुष बहुधा दूरदर्शनचे तास सांगतात आणि गिरणी विसरतात. सुनांना पंख्याविषयी वेगळे विचारावे, सासूसमोर त्या बोलत नाहीत. सर्वात जवळचा वीजखांब किती अंतरावर आहे आणि वीज मंडळाचा पुढचा बेत काय आहे, याची चौकशी तालुक्याला करावी. बॅटरीच्या खात्यावर दोघांच्या सह्या कोणाच्या, हे ग्रामसभेत ठरवून घ्यावे आणि त्यात एक सही स्त्रीची असावी. पाड्यावरचीच दोन मुले निवडून, जोडणी कशी तपासायची आणि पॅनेल कसे पुसायचे, याचे प्रशिक्षण द्यावे. दोन अशासाठी, की एक जण ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेला तरी दुसरा असेल.

आणि ओढा मोजायचा असेल, तर पौषात जाऊन उपयोग नाही. तेव्हा तिथे गोटेच असतात. आषाढात एकदा, श्रावणात एकदा आणि दिवाळीनंतर एकदा, असे तीन वेळा जावे लागेल. २० लिटरचा डबा नळीखाली धरावा आणि किती सेकंदांत भरतो ते घड्याळात पाहावे. चार सेकंदांत भरला, तर ते सेकंदाला पाच लिटर झाले. पाय घसरण्याची जागा असते, म्हणून एकट्याने जाऊ नये. पाड्यावरचे कोणी तरी सोबत घ्यावे. त्याला वाट ठाऊक असते आणि ओढा कधी आटतो हेही.